गिलाव्यातला शिंगटा

साहेब, कयाधू नदीतली वाळू तुमीच उपसू दिली. डोह आटला आणि त्यातला शिंगटा संपला. बोटाएवढा, मिशांचा मासा. हातात आला की कुर्र कुर्र करायचा. असा आवाज केलेला मासा परत पाण्यात सोडायची आमची रीत.

त्याच वाळूनं आमी घराला गिलावा केला. आठव्या दिवशी भरदुपारी भिंतीतून आवाज आला. कुर्र.

“पाल असंल,” मी म्हणलो.

“पालीला मिशा असतेत का हो?” बायको सुमन म्हणाली.

गिलाव्यातून दोन ओल्या मिशा हलून राहिल्या होत्या.

मी भिंत खरवडली. आत नुसती कोरडी वाळू. आवाज थांबला.

तेवढ्यात पाळण्यात आमच्या तीन महिन्यांच्या प्रियदर्शनीनं रडायला तोंड उघडलं.

कुर्र कुर्र.

साहेब, डोह तर आटला. लेकरू कुठं सोडू? सांगा.