माणसामागे फिरणारा कॅमेरा

ही गेली त्या दिवशीच मुलगी म्हणाली, "बाबा, आईशिवाय आता तुम्ही एकटे. दाराकडे कॅमेरा बसवून घ्या."

काल कारागिराने कपाटावर बसवला. माणूस चालला की त्याच्यामागे फिरणारा.

"काका, चालून दाखवा."

मी चाललो. कॅमेरा स्वयंपाकघराकडेच बघत राहिला.

"त्याला भूक लागलेली दिसतेय," कारागीर हसला.

मग कॅमेरा सावकाश वळू लागला. मध्येच थांबला, पुन्हा वळला. गुडघ्यांमुळे ही अशीच थांबत थांबत चालायची. हिच्या रिकाम्या खुर्चीपाशी तो स्थिरावला.

कारागिराची नजर मोबाइलवर होती. "झकास. आता काकूंना बसूनच राहायला सांगा, तुम्ही चाला."

कॅमेरा दाराकडे वळवायचा अजून राहिला आहे.