बिनलायसन्सचा

प्रेमिलाकाकूंचा पोपट वनखात्याची माणसं पिंजऱ्यासकट घेऊन गेली, ती शेजारच्या अनिशच्या तक्रारीवरून. "पोपट वन्यप्राणी हाय काकू, घरात ठेवता येत नाही. कायदा म्हणजे कायदा," असं त्यानं वर तोंड करून सांगितलंही. नवऱ्यामागं त्या घरात "प्रेमिला, चहा!" म्हणून नावानं हाक मारणारा तो पोपटच काय तो उरला होता. तेव्हापासून देवापुढे हात जोडले की काकू आधी अनिशचं वाटोळं मागायच्या आणि मग स्वतःच्या गुडघ्यांना आराम.

मे महिन्यातल्या भर दुपारी तोच अनिश घामाघूम होऊन त्यांच्या दारात उभा राहिला. त्यानं हौसेनं आणलेला सात फुटी विदेशी अजगर काचेच्या पेटीतून निसटला होता.

"मग वनखात्याले फोन कर ना गा," काकू म्हणाल्या.

"कसा करू? लायसन्सच नाही काढलं ना मी त्याचं. मलेच उचलतीन ते. पाया पडतो काकू, कोणाले काही सांगू नका!"

"नाही सांगत. देवाशपथ, कोणालेच नाही."

त्याच्या जिवात जीव आला. तो परत घरी शोधायला पळाला.

 

काकू शब्दाच्या पक्क्या. तासाभरापूर्वी अनिशच्या बेडरूमच्या खिडकीबाहेर लावलेल्या कूलरमध्ये, खसच्या फाटक्या ताटीतून आत सरकणारी ती जाडजूड शेपटी त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती, पण त्यांनी ते कोणालाच सांगितलं नाही. अनिशलासुद्धा.