शंभर मीटरवरची सावली

ताडपत्रीचं चौथं टोक गंगारामने लिंबाच्या फांदीला आवळून बांधलं आणि मागे सरून पाहिलं. सावली चांगली पडत होती. खाली टेबल, टेबलावर मतदारांच्या चिठ्ठ्या, चिठ्ठ्यांवर दगड. शाळेपासून बरोबर शंभर मीटर, पोलिसांनी मोजून दिलेले.

"आप्पा, ही ताडपत्री कुठली?" मेघनाने जीपमधून विचारलं.

"हाय कुठली तरी. तू जा. बाकीची सहा गावं फिरायचीत तुला."

तिने एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा बापाकडे. मार्चमधल्या रविवारचे सकाळचे सात वाजले होते. आभाळ घासलेल्या परातीसारखं लख्ख होतं. जीप गेली.

गंगाराम शेळगावचा जुना कोतवाल. तीस वर्षं रोज सकाळी साडेआठला त्याने कचेरीच्या आवारातल्या भांड्यात साठलेला पाऊस मोजला होता. लहानपणी मापाचा काचेचा पेला मेघना धरायची. पुढे ती पुण्याला हवामानाच्या संशोधनात गेली. बापाच्या आकड्यांवरून तिने पाऊस कसा चुकत चाललाय ते मांडलं. तिचे शोधनिबंध परदेशात वाचले जात, शेळगावात कोणी वाचत नव्हतं. म्हणून सत्त्याण्णव साली तिने नोकरीचा राजीनामा दिला आणि पंचायत समितीला अपक्ष उभी राहिली. चिन्ह छत्री.

"हरलीस तर?" त्याने विचारलं होतं.

"हरण्याचं काही नाही, आप्पा. आपलं गाव माझं ऐकतं का, एवढं मला कळलं पाहिजे. नाही ऐकलं, तर मी जाईन. पुन्हा येणार नाही."

"ह्या गावाला आपल्या हातचं पाणी घ्यायला किती वर्षं लागली, ठावं हाय न्हवं? शब्द लगीच घेतील व्हय?"

तो असं बोलला, पण त्या दिवसापासून त्याची झोप उडाली. बाकीच्या गावांत समोरचे उमेदवार मानसिंगराव यांचं वजन होतं. मेघनाची सगळी भिस्त शेळगाववर होती.

शुक्रवारी चावडीपुढे शेवटची सभा झाली. मेघना दुपारी बारामतीला जाऊन पुण्याला आपल्या जुन्या कचेरीत फोन करून आली होती. मतं मागायची सोडून ती म्हणाली, "रविवारी दुपारनंतर गारा पडायची शक्यता आहे. खात्री नाही, पण शक्यता मोठी आहे. ज्वारीची कणसं खळ्यावर उघडी ठेवू नका."

लोक एकमेकांकडे बघू लागले. मागून कोणीतरी ओरडलं, "छत्र्या खपवायच्यात व्हय, बाई?"

अख्खी चावडी हसली. गंगारामच्या कानशिलांना चटका बसला.

"पाऊस पडल्यावर मोजायचा असतोय, पोरी," वाटेत तो म्हणाला. "पडायच्या आदी बोलायचा नसतोय. तीस वर्षं मी त्येच केलं."

घरी आल्यावर ती मागच्या दाराने बाहेर गेली.

आता तो शाळेतल्या मतदानाच्या खोलीत, मेघनाचा प्रतिनिधी म्हणून मतदार यादी घेऊन बसला होता. शेजारी मानसिंगरावांचा माणूस, संभाजी. नवापर्यंत त्यांच्या भावकीतले लोक ट्रॅक्टरने येऊन शिक्के मारून गेले. मग कोणीच येईना. दुपारी बारा वाजता यादीवरच्या खुणा एकशे चाळीस. यादीत नावं नऊशे बारा.

"तात्या, तुमची वस्ती रुसली का काय?" संभाजीने तंबाखू मळत गंगारामला विचारलं.

"येतील. जेवणं उरकून येतील."

"कालपास्नं जेवत्यात व्हय?"

गंगारामने खिडकीतून पाहिलं. ताडपत्रीच्या सावलीत टेबल रिकामं होतं. दहापर्यंत तिथे संघपाल बसला होता, त्याचा सख्खा पुतण्या. तोही उठून गेला होता. गावाचं सोडा, पण घरचा?

साडेतीनला वारा सुटला. थोड्याच वेळात शाळेच्या पत्र्यावर कोणी मूठमूठ खडी फेकावी तसा आवाज झाला, आणि मग कोणाचं बोलणं कोणाला ऐकू येईना. संभाजी दारात जाऊन उभा राहिला.

"खरं बोलली की पोरगी," तो म्हणाला.

गंगारामने मान वर केली नाही. त्याला समोर यादी दिसत होती आणि त्या यादीतून निघून चाललेली जीप. पेटीला सील लागलं तेव्हा खुणा एकशे सत्त्याऐंशी होत्या. गावाने ऐकलं नव्हतं. मेघनाला हे कसं सांगायचं, त्याचीच जुळवाजुळव करत तो गारा तुडवत निघाला.

वाटेवर पहिलं खळं बिरूचं. कणसांच्या ढिगावर ताडपत्री, तिच्यावर शिवलेली खताची पोती, वर जुनं लुगडं, कडेने दगड. पुढचं खळं तसंच झाकलेलं. त्याच्या पुढचंही. एका ठिकाणी तर ढिगावर अख्खी बैलगाडी उपडी घातली होती. गंगाराम थांबला.

बिरू बांधावर बसला होता, डोक्यापासून पायापर्यंत भुसकटाने माखलेला. तो ओशाळून उठला.

"मत ऱ्हायलं बगा, तात्या. पर काय करता? पोरीनं सांगितल्यावर थांबतंय कोण? कालपास्नं अख्खं गाव खळ्यावर हाय. बनाबाईचं कुणी न्हाय, तिचं झाकाया तुमचा संघपाल पळाला. म्हटलं, पाचाच्या आत शाळंत जाऊ. तवर ह्या आल्या."

"सगळ्यांनी ऐकलं?"

"चावडीवर हासलो, ते खरं. घरी गेल्यावर कुणाला झोप लागली न्हाय. तीस वर्षं तुमचा आकडा चुकला न्हाय, तुमच्या लेकीचा कसा चुकंल?" बिरूने तोंडावरचं भुसकट पुसलं. "तुमचं तर सगळ्यात आदी झाकलं असंल, म्हणून तिकडं कुणी फिरकलं न्हाय."

गंगाराम जवळजवळ पळतच घराकडे गेला. दारात जीप उभी होती. घरामागे मेघना पाठमोरी उभी होती, आणि शुक्रवारी रात्री तिने स्वतःच्या हाताने झाकलेली कणसं तिच्या पायाशी गारांत लोळत होती. अख्ख्या शेळगावात उघडं राहिलेलं खळं तेवढं एकच होतं. त्याची ताडपत्री शाळेपासून शंभर मीटरवर, लिंबाला बांधलेली होती.