तिसरं पान

यंत्रातले आवाज आपल्या हातून पुसले गेले, हे दुरुस्तीवाल्याला बाईंपाशी कबूल करायचं होतं. पण त्याने आधी कागदांचा गठ्ठा पुढे केला. बाईंच्या जुन्या सिंथेसायझरचं माहितीपुस्तक. कंपनी कधीच बुडालेली. तीन दिवस इंटरनेट धुंडाळल्यावर कुणा भल्या माणसाने स्कॅन करून ठेवलेली प्रत सापडली होती. पानं वाकडी, आणि दर पानावर त्या माणसाचा अंगठा.

बाईंनी चष्मा लावला. नाटकांना संगीत देण्यात त्यांची हयात गेली होती. एका नाटकातल्या पहाटेचा आवाज त्यांनी तरुणपणी याच यंत्रावर, निव्वळ कानाने घडवला होता. शनिवारी त्या नाटकाचा प्रयोग, आणि यंत्राच्या पोटात आता काही म्हणजे काही नव्हतं. आवाज जपून ठेवणारा आतला सेल संपला, त्याला तो दुरुस्तीवाला बिचारा काय करणार, असं त्या भेटेल त्याला सांगत होत्या. त्यावर बिचाऱ्याने हूं की चूं केलं नव्हतं.

कुठल्या आकड्याने काय बदलतं ते सगळं यात आहे, आपण पहाट पुन्हा बांधू, असं तो घाईघाईने सांगू लागला. बाई पानं उलटत होत्या.

"दोननंतर एकदम चार?"

प्रिंटर कधीकधी पान खातो, असं तो म्हणाला खरा, पण खोटं बोलायची सवय नसल्याने कानापर्यंत लाल झाला. मग त्याने शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"सेल संपला नव्हता, बाई. तुम्ही अडकलेल्या पट्ट्यांसाठी दिलं होतं. मीच आगाऊपणाने नवा सेल घातला. आधी आवाज दुसरीकडे उतरवून घ्यायचे असतात, नाहीतर पुसले जातात, ते विसरलो."

तिसऱ्या पानावर ते ठळक अक्षरांत छापलं होतं. बाईंना राग आला. पहाट अशी पुसली गेल्याचं वाईटही वाटलं. पण त्याच्या खालची ओळ वाचून त्या थांबल्या. आपण केलेल्या आवाजांचे आकडे शेवटच्या पानावरच्या तक्त्यात लिहून ठेवावेत, असं तिथे होतं.

"हे पुस्तक मी पहिल्याच दिवशी खोक्यासकट फेकलं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, संगीत काय वाचून करतात?"

त्याला हायसं वाटलं. दोघं कामाला बसली. तो पान वाचायचा, बाई आकडा फिरवून पट्टी दाबायच्या, नाक मुरडायच्या, पुन्हा फिरवायच्या. चहा दोनदा निवला. चारच्या सुमाराला बाईंनी डोळे मिटले आणि पट्टी बराच वेळ दाबून धरली. मग त्यांनी पेन्सिल घेऊन तक्ता भरला.

पहाट तशीच झाली का, असं त्याने भीतभीत विचारलं.

"नाही. ती साडेपाचची होती, ही सहाची वाटते," बाई म्हणाल्या. "राहू दे. आता मीही सहालाच उठते."