धक्क्यावरचा फोटो

एकोणीसशे अडुसष्ट साली, सुट्टीच्या दुसऱ्या दिवशीही तळं दिसलं नाही, तेव्हा कोटवालीने छत्री दगडावर आपटली आणि तिची काडी मोडली.

"मोड, मोड. धुकं घाबरून पळेल," नर्स म्हणाली.

तिघी जुन्या मैत्रिणी. एक शिंप्याच्या दुकानात पुरुषांचे कोट बेतायची, म्हणून कोटवाली. एक इस्पितळातली नर्स. तिसरी टपालकचेरीतली, तिला सगळे गोगलगाय म्हणत. खाली शहर पाहायचं आणि वर डोंगराच्या तोंडातलं तळं, असा तीन दिवसांचा बेत होता. तो डोंगर कधीकाळी आग ओकायचा. आता त्याच्या पोटात निळंशार पाणी आहे, असं सगळे सांगत. या तिघींना अजून धुक्यापलीकडे काही दिसलं नव्हतं.

पहिला दिवस गोगलगाईने खाल्ला. शहरातलं एकही चपलांचं दुकान तिने सोडलं नाही, आणि घेतलेली चप्पल संध्याकाळपर्यंत चावली. दुसऱ्या दिवशी बसने अर्ध्या चढावर बैठक मारली. वर पोचेपर्यंत धुकं उतरलेलं.

"तुमचं काय जातंय? तुम्ही मजा करायला आलात," कोटवाली म्हणाली.

"आणि तू काय शिक्षा भोगायला आलीस?" नर्सने विचारलं आणि लगेच जीभ चावली.

कारण तिला ठाऊक होतं. कोटवालीच्या पिशवीत एक जुना फोटो होता, घरच्या फ्रेममधून काढून आणलेला. लाकडी धक्का, एका अंगावर कललेली होडी, मागे जुळी शिखरं, आणि पुढे तिचे आईबाबा. बाबा ती जन्मायच्या आधीच गेले. त्यांचं ना घर राहिलं, ना कुणी नातेवाईक. राहिला तो एवढा फोटो; आई सांगे, तो याच तळ्याकाठचा. त्यात बाबांचा चौकड्यांचा कोट खांद्यात सैल होता आणि बाह्यांना आखूड. लहानपणी जेवताना तिची नजर त्या कोटावरच असायची. बाबांना नीट बसेल असा कोट शिवायचा म्हणून मी या धंद्यात आले, असं ती थट्टेने सांगे. थट्टा नव्हती ती.

बाबा जिथे उभे होते तिथे एकदा उभं राहायचं, एवढंच तिला हवं होतं.

आई मात्र निघताना कुरकुरली होती. "काय ठेवलंय तिथे? पाणीच ना? ते बादलीतही दिसतं."

तिसऱ्या दिवशी सकाळी धुकं पडदा सारावा तसं बाजूला झालं. खाली तळं होतं, ताटासारखं गोल, आणि भोवती काळा उभा कडा. जुळी शिखरं कुठेच नव्हती. धक्काही नव्हता. कोटवाली धाप लागेपर्यंत काठाकाठाने हिंडली. शेवटी तिने फोटो होडीवाल्यापुढे धरला.

"ताई, हे दुसरं कुठलंतरी तळं," तो म्हणाला. "इथे काठालाच पाय टेकत नाही. धक्का रोवायचा कशात?"

"म्हणजे माझी आई खोटं बोलते?"

"आईंना मी कुठे काय म्हणालो? मी धक्क्याचं बोलतोय."

परतीच्या बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. "आईने तळंच चुकीचं सांगितलं," एवढंच एकदा बोलली. "जन्मभर मी भलत्याच डोंगराची स्वप्नं पाहिली."

नर्सने पिशवीतलं संत्रं सोलून पुढे केलं. तिने हात झटकला. संत्रं गोगलगाईने खाल्लं.

शहरात उतरल्या तेव्हा आगगाडीला अवकाश होता. गोगलगाईची टाच सोलवटली होती. एका फोटो स्टुडिओच्या पायरीवर ती बसली ती उठेचना.

"इथेच तिघींचा एक फोटो काढू या," ती म्हणाली. "माझ्या फोडाशिवाय काहीतरी आठवण न्यायला नको?"

आत एक म्हातारा फोटोवाला होता. त्याने तिघींना ओळीने उभं केलं आणि भिंतीकडची दोरी सोडली. वरून रंगवलेला पडदा खाली आला. लाकडी धक्का. कललेली होडी. जुळी शिखरं.

नर्सने पडद्याकडे आणि मग कोटवालीच्या पिशवीकडे पाहिलं. गोगलगाय जन्मात पहिल्यांदा घाईने म्हणाली, "चला गं, गाडी चुकेल."

"तुम्ही व्हा पुढे," कोटवाली म्हणाली. मग फोटोवाल्याकडे वळली. "माझा एकटीचा काढा."

"एकटीचा?" त्याने चष्मा पुसला. "एकट्या बाई आल्या की मी आधी विचारून घेतो, जोडीला कुणी हवंय का. पूर्वी फार यायच्या."

पिशवीकडे गेलेला तिचा हात तिथेच थांबला. "हवंय," ती म्हणाली.

त्याने दारामागच्या खुंटीवरच्या चौकड्यांच्या कोटाकडे हात नेला.

गोगलगाय पुढे पोस्टमास्तर झाली आणि स्वतःच्या निरोपसमारंभालाही उशिराच पोचली. नर्सने चाळिशी उलटल्यावर लग्न केलं, पण नवऱ्याला घेऊन ती कधी डोंगर चढली नाही. स्टुडिओ काही वर्षांनी बंद पडला आणि तिथे चपलांचं दुकान निघालं. त्याआधी फोटोवाल्याला टपालाने एक नवा कोट आला, खांद्यात अगदी बेताचा. पाठवणाऱ्याचं नाव त्यावर नव्हतं. कोटवालीने दुकान स्वतःच्या मालकीचं केलं, आणि जुना फोटो होता त्याच खिळ्यावर परत गेला. आई म्हातारी होऊन, झोपेत गेली.

पण तो नवा फोटो घरी आला त्या दिवशी ती चांगली खणखणीत होती. लेकीने तो तिच्या हातात दिला. आईने तो खिडकीच्या उजेडात नेला, पुष्कळ वेळ पाहिला आणि पदराने पुसला.

"म्हातारा झाला गं," ती म्हणाली. "आणि कोट अजून खांद्यात सैलच. नाव तरी विचारलंस का त्याचं? माझं तेव्हा राहूनच गेलं."