चढणीवरचा नारळ

नारळ मागच्या चाकापासून चार बोटं मागे ठेवला होता. सोललेला, शेंडीसकट. रस्ता इतका कलता होता की भिकाजीला त्याच्याखाली एक खडा लावावा लागला. नाहीतर तो आपणहूनच खाली खाडीकाठच्या आरोंद्याच्या दिशेने गडगडत गेला असता.

"फुटलो तर चटणी, नाय फुटलो तर लायसन," भिकाजी खालून ओरडला. "सोड आता बिरेक!"

रिकाम्या बसच्या चालकाच्या जागेवर लवू बसला होता. बस शिकवणाऱ्या उस्तादाने, भिकाजीने, नारळ आणायला सांगितला तेव्हा तो देवाला ठेवण्यासाठी असेल असं त्याला वाटलं होतं, म्हणून तो चांगला बघून आणला होता. त्याने क्लचवरचा डावा पाय अगदी सावकाश उचलला. इंजिनाचा आवाज जरासा खाली उतरला, पायाखालची फळी थरथरली. त्या क्षणी त्याने हातब्रेक सोडला. बस मागे सरली नाही. होती तिथेच क्षणभर तोलली आणि पुढे निघाली.

भिकाजी नारळ उचलून धावत आला, चालत्या बसमध्ये चढला आणि लवूच्या खांद्यामागे दांडी धरून उभा राहिला. "पाय बरो आसा तुझो," तो म्हणाला. याहून जास्त कौतुक तो कोणाचं करत नसे. लवूच्या मानेवर घाम होता, पण तो हसत होता.

चढण संपली, उतार लागला. वळणावर डावीकडच्या काजूंमधून एक बाई डोक्यावर टोपली घेऊन रस्त्यावर आली.

लवूने तिला पाहिलं. बस उजवीकडे घ्यायची हेही त्याला कळलं. आणि त्याच्या हातांनी चाक डावीकडे फिरवलं, सरळ तिच्या अंगावर.

भिकाजीने खांद्यावरून झेप घेऊन चाक उजवीकडे ओढलं. लवूचा पाय ब्रेकवर गेला. बस तिरकी होऊन थांबली. टोपली रस्त्यावर उलटी पडली होती आणि बाई काजूच्या झुडपात बसली होती.

"कोण रे तो मेलो?" झुडपातून आवाज आला. लवू खाली उतरला तशी ती उठली. "लवू? तू? अरे, रोज पाण्यातसून सुखरूप नेतंस आणि सुक्या रस्त्यार मारतंस?"

ती तुळसा होती. रोज पहाटे ती लवूच्या होडीतून खाडीपलीकडे जाई, मासळी घेऊन परत येई आणि वरच्या गावांत विकत फिरे. तिच्या कोपराला खरचटलं होतं, बाकी काही नव्हतं. लवूने टोपली उचलून दिली.

भिकाजी मात्र त्याच्या हातांकडे बघत होता. "उजवी-डावी कळत नाय तुका?"

"कळता." लवूने हवेत एक दांडा धरल्यासारखी मूठ केली आणि डावीकडे ढकलली. "सुकाणू असो ढकललो की होडी उजवीकडे जाता. घाबारलंय तेव्हा हात होडयेत गेले."

भिकाजीने ती मूठ थोडा वेळ पाहिली. तो चिडला असता तर लवूला बरं वाटलं असतं.

"सोमवारी परीक्षा आसा. तिथे तू घाबरूचंस नाय, पास होशीत. मगे एक दिवस मागे चाळीस माणसा बसतली आणि म्हस आडवी येतली. तेव्हा?"

"सवय पडात, उस्ताद."

"सकाळी होडी, दुपारी मोटार. पडतली कशी?" भिकाजीने विचारलं. "बाबलीक काय सांगलंस?"

बाबली लवूचा धाकटा भाऊ. होडी मला दे, असं तो दिवाळीपासून म्हणत होता.

"बघूया म्हटलंय."

गोवा मोकळा झाल्यापासून खाडीवर माणसांची ये-जा वाढली होती. परीक्षेत काही चुकलं, नोकरी मिळाली नाही, तर ती होडी होती. तिच्यावर परतता येत होतं.

"तुमचा बोलणा झाला काय?" तुळसा म्हणाली. "माका घराक सोडा आता. पाय थरथरतत माझे." आणि कोणी हो म्हणायच्या आत ती बसमध्ये चढून पहिल्या बाकावर बसली. "सावकाश रे. होडी न्हय ही."

भिकाजी तिच्या शेजारी बसला. लवूच्या मागे दांडी धरायला या वेळी तो उभा राहिला नाही.

लवूने बस चालवली. वळण आलं की तो ओठांत 'उजवी, डावी' पुटपुटत होता. एका ठिकाणी कुत्रा आडवा आला. बस थांबली, पण त्याआधी त्याचे हात चाकावर किंचित डावीकडे गेले होते. भिकाजीने पाहिलं, तुळसाने पाहिलं नाही. लवूला स्वतःला ते कळलं होतं.

तुळसाच्या वाडीपाशी बस थांबली. भिकाजीने नारळ तिच्या टोपलीत घातला. "ह्यो आंगावरसून ओवाळून टाक. फुटाक नाय तो आज. तू पण."

"उपकारच तुझे!" ती उतरली. टोपली डोक्यावर ठेवली आणि रोज होडीतून उतरताना विचारते तेच तिने खिडकीतून लवूला विचारलं, "उद्या सकाळी होडी लायतलंस मां रे?"

लवूचे दोन्ही हात चाकावर होते. त्याने ते तिथून काढले नाहीत.

"उद्यापासून बाबली येतलो, काकी. होडी आता तेची."