द्वादशीची तुळस

आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच साली म्हाळसाबाईच्या नवऱ्याच्या छातीत कळ उठली. काढ्याला तुळस हवी म्हणून ती पुजारी तात्यांच्या अंगणात गेली. "आज द्वादशी आहे. तुळस तोडली तर पाप लागतं, कळत नाही का तुला?" म्हणत तात्यांनी तिला परत पाठवलं. दिवस मावळायच्या आत नवरा गेला.

पुढं दुष्काळात गावातल्या सगळ्या तुळशी वाळल्या. म्हाळसाबाईनं मात्र दारातली तुळस लांबून घागरी वाहून जगवली.

त्याच उन्हाळ्यात एका सकाळी तात्या छाती धरून तिच्या दारात आले. "बाई, काढ्यापुरती चार पानं द्या."



"घ्या की, तात्या. पण आज बी द्वादशीच हाय. तुमच्या हातानं तोडा."